स्टोकसे : एका व्यापाऱ्याची गढी

इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील स्टोकसेला लोक किल्ला म्हणतात. वस्तुतः ती व्यापाऱ्याची गढी होय. लडलो गावच्या लॉरेन्स नावाच्या धनाढ्य लोकर-व्यापाऱ्याने ही जहागीर १२८१ च्या सुमारास घेतली आणि १२९१ मध्ये पहिल्या एडवर्ड राजाकडून तटबंदीचा परवाना मिळवला. खंदक, मनोरा, कंगोरे, सारे काही आले. पण दिवाणखान्याच्या उंच, रुंद खिडक्या पाहून आपल्याला प्रश्न पडतो : लढाईसाठी बांधलेल्या घराला अशा खिडक्या कोण ठेवील? १२८३ पर्यंत वेल्सचा पाडाव होऊन सरहद्द शांत झाली होती. तेव्हा हा तट शत्रूपेक्षा शेजाऱ्यांसाठीच असावा, असे आम्हांस वाटते.

दिवाणखान्यात मधोमध उघडी शेकोटी असे. मालक व चाकर एकाच छपराखाली जेवत. मालकाची खासगी खोली मात्र वेगळी, बाहेरच्या जिन्याने वर जाण्याची. तिच्या झरोक्यांतून खालच्या माणसांवर नजर ठेवता येई.

१२९४ मध्ये लोकर नेणारे जहाज बुडून लॉरेन्स दगावला. पुढे यादवी युद्धात, १६४५ साली, गढी जवळजवळ न लढताच पार्लमेंटच्या फौजेला शरण गेली. नंतर विजेत्यांनी तट पाडला. घर तेवढे ठेवले. लॉरेन्सने मिरवलेला तट गेला. तो राहिला-जेवला तो दिवाणखाना मात्र आजही उभा आहे.