वर्गात या, नाचायला नको

सेंट लुईसला शिकायला आलो आणि पहिल्याच रविवारी माझी फजिती झाली.

सेंट लुईस युनिव्हर्सिटी जेझुइट पाद्र्यांची. कॅम्पसवरच्या चर्चचं नाव सेंट फ्रान्सिस झेवियर, म्हणजे ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे तेच! एवढ्या ओळखीवर मी मिस्साला जाऊन बसलो. सगळे उठून रांगेत गेले, मीही गेलो. प्रसादच असणार की. मागचा मुलगा हळूच म्हणाला, "हात छातीशी दुमड, म्हणजे फादर नुसता आशीर्वाद देतील." दिला. कुणी हसलं नाही, तरी माझे कान तापले होते.

पुढे त्याच चर्चचा इतिहास वाचला आणि माझी फजिती अगदीच किरकोळ वाटायला लागली.

मिझुरी राज्यात तेव्हा गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या असत. लॉइड गेन्स या तरुणाने लॉच्या प्रवेशासाठी भांडून 1938 मध्ये सुप्रीम कोर्टात केस जिंकली, तर राज्याने कृष्णवर्णीयांसाठी निराळं लॉ कॉलेजच काढलं! सरकारी विद्यापीठाचं दार उघडायला 1950 उजाडलं. आमचं विद्यापीठ खाजगी, पण तिथेही तोच रिवाज. मी हिंदू असून त्या रांगेत उभा राहिलो. त्या काळी बाप्तिस्मा घेतलेल्या कृष्णवर्णीय कॅथलिक मुलालासुद्धा इथल्या वर्गात जागा नव्हती.

11 फेब्रुवारी 1944 ला फादर क्लॉड हाइटहाउस याच चर्चमध्ये प्रवचनाला उभे राहिले आणि त्यांनी आपल्याच लोकांचा ढोंगीपणा काढला. मग विद्यार्थ्यांना म्हणाले, कृष्णवर्णीयांवर झालेल्या अन्यायाची देवाकडे क्षमा मागायची असेल तर उभे राहा, आणि यापुढे त्यात भाग घेणार नाही अशी शपथ घ्या. मुलं उभी राहिली. त्याच उन्हाळ्यात पाच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला.

गोष्ट इथे संपली असती तर कॅलेंडरवर छापण्याजोगी होती. पण पुढे नाचाचा कार्यक्रम आला. विद्यापीठाचं म्हणणं, शिका एकत्र, पण अशा कार्यक्रमांना यांनी यायचं नाही. हाइटहाउस भडकले. 1945 मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांच्या पेपरात लेख लिहिला. वेगळेपण ख्रिस्ती असू शकतं, तर ख्रिस्ती नरभक्षण का नको, अशा अर्थाचं त्याचं शीर्षक होतं. वरिष्ठांनी त्यांना सेंट लुईसबाहेर पाठवून दिलं.

प्रवेशावर मिटलेलं भांडण नाचावरून का पेटावं? मला वाटतं, वर्गात सगळे फळ्याकडे तोंड करून बसतात, शेजाऱ्याकडे बघावं लागत नाही. नाचायला हात हातात घ्यावा लागतो. आपल्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांनाही प्रवेश होता. पाणी मात्र शिपायाने वरून ओतलं तरच. शिपाई नसला की तहान तशीच.

रांगेतला तो मुलगा नंतर मित्र झाला. गणपतीत त्याला खोलीवर बोलावलं. मोदकाचं ताट पुढे केलं तर तो जरा घुटमळला. मग विचारलं, "मी हिंदू नाही. मला चालेल ना? हात कसे धरायचे?"

म्हटलं, "उजवा पुढे कर. आणि तूप सांडू नकोस."