विवाहाचा परवाना आणि चौदावी दुरुस्ती

अमेरिकेच्या संविधानातील चौदावी दुरुस्ती ९ जुलै १८६८ रोजी संमत झाली. यादवी युद्ध संपून तेव्हा तीन वर्षे लोटली होती. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली होती खरी. परंतु कालपर्यंत बाजारात विकला जाणारा मनुष्य आज देशाचा नागरिक आहे काय, या प्रश्नाचे उत्तर संविधानात कोठेच नव्हते. उलट १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा देऊन ठेवला होता, की आफ्रिकी गुलामांचे वंशज अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत. तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश रॉजर टॉनी हे त्या न्यायालयावर नेमले गेलेले पहिले कॅथलिक. हे लिहिताना लेखणी थोडी अडखळते. परंतु इतिहास आपल्या सोयीने वाचता येत नाही.

चौदाव्या दुरुस्तीने तो निर्वाळा पुसून टाकला. अमेरिकेच्या भूमीवर, तिच्या अधिकारकक्षेत जन्मलेला प्रत्येक जण नागरिक ठरला आणि कोणतेही राज्य आपल्या हद्दीतील कोणाही व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण नाकारणार नाही, असे बंधन राज्यांवर आले. 'कायद्याचे समान संरक्षण' हे शब्द आपल्याही परिचयाचे आहेत. भारतीय संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदात ते तेथूनच आले. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते, हेही येथे स्मरते. मूळ वाक्यात 'व्यक्ती' हा शब्द आहे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पुढील सारा झगडा त्या एका शब्दाचा आहे.

न्यायालयांनी तो शब्द वाचला कसा? १८८३ साली अलाबामा राज्यातील टोनी पेस आणि मेरी कॉक्स यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. तो कृष्णवर्णीय, ती गौरवर्णीय. विवाहाविना एकत्र राहिल्याबद्दल दोघांना प्रत्येकी दोन वर्षांची कैद झाली होती. दोघेही एकाच वर्णाचे असते, तर त्याच अपराधाला शिक्षा पुष्कळ सौम्य होती. न्यायालयाने एकमताने म्हटले, की पुरुषाला जितकी शिक्षा तितकीच स्त्रीला आहे. मग विषमता कोठे आहे? युक्तिवाद ऐकण्यास गणितासारखा निर्दोष वाटतो. दोन्ही पारडी समान भरली की तराजू समतोल झाला! तराजूत माणसे ठेवली आहेत, एवढेच त्यात विसरले गेले.

हेच गणित पुढे रेल्वेच्या डब्याला लावण्यात आले. न्यू ऑर्लिन्सच्या होमर प्लेसी या चांभारकाम करणाऱ्या तरुणाने ७ जून १८९२ रोजी गोऱ्यांसाठी राखलेल्या डब्यात बसून जाणूनबुजून अटक ओढवून घेतली. त्याच्या आठ पणजोबा-पणजींपैकी सात गोरे होते; तरी कायद्याच्या दृष्टीने तो काळाच. १८ मे १८९६ रोजी सात विरुद्ध एक अशा मताने सर्वोच्च न्यायालयाने डबे वेगळे पण समान असतील तर संविधानाचा भंग होत नाही असे ठरविले. त्या सात जणांत लुइझियानाचेच कॅथलिक न्यायमूर्ती एडवर्ड व्हाइट होते. विरोधात उभे राहिलेले एकटे जॉन हार्लन स्वतः एकेकाळी गुलामांचे मालक होते. प्लेसीला मरणोत्तर माफी मिळाली ती २०२२ च्या जानेवारीत.

आता आपण कॅलिफोर्नियाकडे वळू. डबे, शाळा, पाणवठे वेगळे ठेवता येतात आणि 'समान आहेत' अशी बतावणीही करता येते. विवाहाच्या बाबतीत मात्र ही बतावणी कशी कोसळते, हे त्या राज्यात दिसून आले.

कॅलिफोर्नियात गोऱ्या व्यक्तीने निग्रो अथवा मिश्रवर्णीय व्यक्तीशी केलेला विवाह १८५० पासूनच अवैध होता. पुढे त्या यादीत मंगोल वंशाचे लोक आले आणि १९३३ साली फिलिपिनो तरुणांना अडविण्यासाठी मलय वंशाची भर पडली. आपल्याकडून गेलेल्या माणसांनाही या कायद्याची झळ लागली. इम्पीरियल खोऱ्यात शेती करणाऱ्या पंजाबी पुरुषांना गोऱ्या स्त्रियांशी विवाहाचा परवाना सहसा मिळत नसे. पुष्कळांनी मेक्सिकन कुटुंबांतील मुलींशी लग्ने केली. परवाना देणारा कारकून दोघांच्याही रकान्यात 'तपकिरी' असे लिहून मोकळा होई. कायद्याची अब्रू कारकुनाच्या दौतीत अशी बुडत असे.

अँड्रिया पेरेझ आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस यांची भेट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉकहीड कंपनीच्या विमान कारखान्यात झाली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९४१ साली संरक्षण कारखान्यांत वर्णभेदास मनाई केल्यामुळेच कृष्णवर्णीयांना अशा ठिकाणी काम मिळू लागले होते. अँड्रिया मेक्सिकन आईबापांची मुलगी. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मेक्सिकनांची गणना गोऱ्यांत होई. सिल्व्हेस्टर कृष्णवर्णीय. दोघेही कॅथलिक. १९४७ साली लॉस एंजेलिस काउंटीच्या कचेरीत त्यांनी परवाना मागितला आणि तो नाकारण्यात आला.

त्यांचे वकील डॅनियल मार्शल हे लॉस एंजेलिसच्या कॅथलिक आंतरवंशीय मंडळाचे प्रमुख होते. त्यांनी मांडलेला मुद्दा आमच्यासारख्या लग्ननोंदवही हाताळणाऱ्या धर्मगुरूला विशेष भावतो. ते म्हणाले, विवाह हा ख्रिस्तसभेत साक्रामेंत आहे. वधूवरांचे वर्ण भिन्न असणे ही धर्मकायद्यानुसार विवाहातील बाधा नाही. जेथे ख्रिस्तसभा विवाह लावण्यास तयार आहे, तेथे राज्याने तो रोखणे म्हणजे या दोघांच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला घालणे होय. धर्मकायद्यातील बाधांची यादी पुष्कळ लांब आहे. नातेसंबंध, पूर्वविवाह, व्रतबंधन, अशा किती तरी गोष्टींची चौकशी धर्मगुरूला करावी लागते. परंतु कातडीच्या रंगाचा रकाना त्या यादीत नाही.

शिकवण इतकी स्पष्ट असताना मार्शल यांनी धर्मप्रांतातील वरिष्ठांकडे न्यायालयात साक्ष देण्याची विनंती केली. ती मान्य झाली नाही. भीती कशाची वाटली असेल, याची कल्पना आपण करू शकतो: देणगीदारांची नाराजी, वर्तमानपत्रांतला गवगवा, आणि हा आपला प्रश्न नव्हे अशी ती नेहमीची समजूत. या मौनाचे समर्थन आम्हांस करवत नाही. जे विवाहपीठापाशी बोलता येते, ते न्यायपीठापुढेही बोलता आले पाहिजे.

सुनावणीत न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांनी सरकारी वकिलाला साधासा प्रश्न केला: कायद्यातला 'निग्रो' म्हणजे नेमका कोण? किती रक्त असले म्हणजे? वकिलापाशी निश्चित उत्तर नव्हते. जो कायदा माणसांची विभागणी करतो, त्यालाच ती कशी करावी हे ठाऊक नव्हते.

१ ऑक्टोबर १९४८ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी हा कायदा रद्द केला. त्या वेळी देशातील निम्म्याहून अधिक राज्यांत असे कायदे होते. ट्रेनर यांनी जुन्या गणिताच्या वर्मावरच बोट ठेवले. त्यांच्या विवेचनाचा आशय असा, की रेल्वेचा एक डबा नाकारला तर तसाच दुसरा देता येतो. परंतु विवाहात 'तशीच दुसरी' व्यक्ती देता येत नाही. जिच्याशी लग्न करावयाचे, तिची जागा दुसरे कोणी घेऊ शकत नाही. म्हणून समानता दोन वर्णगटांत मोजून चालणार नाही; हक्क गटाचा नाही, व्यक्तीचा आहे. ऐंशी वर्षांपूर्वी लिहिलेला तो शब्द कोणी तरी अखेर नीट वाचला. आमच्या मते कोणताही धर्मज्ञ विवाहाच्या एकमेवत्वाविषयी याहून नेमके बोलला नसता.

आणखी एक बाब सहसा सांगितली जात नाही. समान संरक्षणाच्या मुद्द्यावर ट्रेनर यांच्यासोबत तीनच मते होत होती. चौथे निर्णायक मत न्यायमूर्ती डग्लस एडमंड्स यांचे, आणि त्यांनी ते धर्मस्वातंत्र्याच्या आधारावर दिले. म्हणजे ज्या शिकवणीची साक्ष देण्यास वरिष्ठ धजले नाहीत, तिनेच न्यायालयात बहुमत घडविले.

पुढील घटना अधिक परिचित आहेत. १९५४ साली ब्राउन खटल्यात शाळांतील विभागणी घटनाबाह्य ठरली, १९६४ चा नागरी हक्क कायदा आला, १९६५ चा मतदान हक्क कायदा आला. विवाहाचा प्रश्न मात्र देशपातळीवर सर्वांत शेवटी सुटला. व्हर्जिनियाचे रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग यांनी १९५८ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न केले. पुढच्याच महिन्यात रात्री पोलीस त्यांच्या शयनगृहात शिरले. एक वर्षाची कैद झाली; पंचवीस वर्षे राज्याबाहेर राहिल्यास ती स्थगित. देवाने वंश निरनिराळ्या खंडांवर ठेवले, अर्थात त्यांची सरमिसळ त्याला नको होती, असे त्या न्यायाधीशाने नंतर लेखी दिले. शास्त्राचा असा वापर आपल्या देशालाही अपरिचित नाही.

या वेळी मात्र ख्रिस्तसभा गप्प राहिली नाही. रिचमंडचे बिशप जॉन रसेल यांच्यासह अनेक कॅथलिक बिशपांनी सर्वोच्च न्यायालयात लेखी निवेदन देऊन लव्हिंग दांपत्याची बाजू घेतली. मार्शल यांच्या विनंतीनंतर जवळजवळ वीस वर्षांनी हे घडले. १२ जून १९६७ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी एकमताचा निकाल दिला आणि उरलेल्या सोळा राज्यांतील बंदी संपली. पेरेझ आणि डेव्हिस यांचा संसार तोवर बहरला होता.

कायद्याच्या पुस्तकातून मृत कलमे काढावयास मात्र फार वेळ लागला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने आपली रद्द झालेली कलमे १९५९ साली काढली. अलाबामाच्या संविधानातील बंदी २००० सालापर्यंत छापील स्वरूपात शिल्लक होती. त्या वर्षी ती काढण्यासाठी जनतेचा कौल घेण्यात आला, तेव्हा सुमारे चाळीस टक्के मतदारांनी ती राहू द्यावी असे मत दिले.