माल कोणाचा, जोखीम कोणाची?



आपल्या घणसोली गावाला लागून ठाणे-बेलापूर रस्ता जातो. रात्री जेवणखाण आटोपल्यावर त्या रस्त्याच्या कडेला उभे राहिले, तर उरणच्या दिशेने निघालेल्या लोखंडी पेट्यांची रांग दिसते. ड्रायव्हरजवळच्या कागदांवर तीन-तीन अक्षरांचे शब्द असतात : एफ. ओ. बी., सी. आय. एफ., एफ. सी. एल. आपल्यातील पुष्कळ तरुण आज गोदामांत, कस्टम एजंटांच्या कचेऱ्यांत आणि कंटेनर यार्डांत नोकरीला आहेत. त्यांना ही अक्षरे तोंडपाठ आहेत. ती आली कोठून, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. आज त्याचाच इतिहास सांगण्याचे मी योजले आहे. मी विद्यापीठाचा मनुष्य नव्हे. सातवीनंतरचे माझे शिक्षण युनियनच्या कचेरीत, करारांचे मसुदे वाचता वाचता झाले. त्यामुळे नवा शब्द पुढे आला की मी प्रथम हेच पाहतो, की याने खर्च कोणाच्या अंगावर टाकला आणि कोणाला मोकळे केले.

सागरी व्यापारातील बहुतेक शब्द याच एका प्रश्नातून जन्मले आहेत. माल विकणाऱ्याच्या हातून सुटतो आणि घेणाऱ्याच्या हाती पडतो, त्यांच्यामध्ये महिना-दोन महिने जातात. वादळ येते, आग लागते, पोते भिजते. तेव्हा नुकसान कोणाचे? या प्रश्नाची उत्तरे माणसांनी निरनिराळ्या काळी ठरविली, आणि प्रत्येक उत्तराला एक नाव पडले.

ही नावे सगळीच साहेबाने आणली, असा एक गैरसमज आहे. आपण ज्याला बंदर म्हणतो तो शब्द फारसी. हमाल, दलाल, मुकादम, जकात हे मुळात अरबी. अरबी व्यापारी पूर्वेकडे आले तसे पश्चिमेकडेही गेले. त्यांच्या भाषेत 'कळविणे, माहिती देणे' या अर्थाचा जो शब्द, तो आपल्याकडे 'तारीफ' होऊन स्तुतीच्या अर्थी स्थिरावला, आणि युरोपात जाऊन 'टॅरिफ', म्हणजे जकातीच्या दरांचे कोष्टक, झाला. जकातीच्या दराची तारीफ करणारा व्यापारी मला अजून भेटावयाचा आहे! आपल्याकडचेही काही तिकडे गेले. मुंबईच्या कापूसबाजारात इंग्रजांनी आपल्या खंडीची 'कँडी' केली. मुंबईची कापसाची खंडी ७८४ पौंडांची, आणि आजच्या किलोच्या जमान्यातही आपल्या बाजारात रुईचा भाव खंडीवरच, सुमारे ३५६ किलोंवर, बोलला जातो.

'ॲव्हरेज' हा शब्द आपण सरासरी म्हणून ओळखतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते त्याचे मूळही अरबीच, खराब झालेल्या मालाचे नाव सांगणारे. जहाजाच्या व्यवहारात 'जनरल ॲव्हरेज' म्हणून एक फार जुना नियम आहे. तुफानात जहाज वाचविण्यासाठी एकाचा माल समुद्रात फेकावा लागला, तर ते नुकसान ज्यांचा ज्यांचा माल वाचला त्या सर्वांनी आणि जहाजाच्या मालकाने हिश्शाहिश्शाने सोसावयाचे. मला स्वतःला हा नियम फार आवडतो. युनियनचा वर्गणीचा हिशेब याहून निराळा नसतो. तो कालबाह्यही झालेला नाही. २०२१ च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' हे प्रचंड जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले, तेव्हा ते सोडविण्याच्या खर्चासाठी जनरल ॲव्हरेजच जाहीर झाली. त्या जहाजावरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी हिंदुस्थानी होते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता आपल्या किनाऱ्यावरील एक गोष्ट थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते. ठाण्याच्या खाडीच्या या काठावर आपली आगरी-कोळ्यांची गावे. भात, मीठ आणि मासळी ही इथली संपत्ती, आणि होडी-मचवा हे तिचे वाहन. आपल्या खाडीतून निघालेला माल मुंबईस जाई आणि पुढे मोठ्या गलबतांवर चढे. मुंबईपासून कच्छ-काठेवाडपर्यंत आणि खाली मलबारपर्यंत हा व्यापार चाले. त्या व्यापारात 'जोखमी हुंडी' नावाचा एक कागद होता. साधी हुंडी म्हणजे अमक्याला इतके रुपये द्यावेत, अशी चिठ्ठी. जोखमी हुंडीत एक अट अधिक असे : माल सुखरूप पोचला तर द्यावेत. व्यापारी गलबतावर माल चढवी, घेणाऱ्याच्या नावे जोखमी हुंडी लिही आणि ती एखाद्या सराफाला विकून टाकी. सराफ जोखमीपोटी थोडी रक्कम कापून बाकीचे पैसे तिथल्या तिथे देई. गलबत पोचले तर सराफाने घेणाऱ्याकडून पूर्ण रक्कम वसूल करावी. बुडाले तर हुंडी बुडाली, सराफ हात हलवीत परत. कर्ज आणि विमा असे दोन्ही व्यवहार त्या एका चिठ्ठीत उरकत. आज बँक, विमा कंपनी आणि जहाज कंपनी अशा तीन खिडक्यांपुढे उभे राहून जे होते, ते आपले सराफ एका पेढीवर बसून करीत होते. पेढीवर बसलेल्याला आपण कोणत्या तांडेलावर पैसा लावतो आहोत हे ठाऊक असे, म्हणूनच ते चाले, हेही खरे.

एकोणिसाव्या शतकात व्यापाराचा आकार वाढला आणि ओळखदेख संपली. लंडनचा व्यापारी मुंबईच्या तांडेलाला ओळखणार कसा? मग कागदाला महत्त्व आले. 'बिल ऑफ लेडिंग' म्हणजे जहाजाच्या कप्तानाने दिलेली माल मिळाल्याची पावती. ती नुसती पावती नाही. वाहतुकीच्या कराराचा ती पुरावा आहे, आणि ज्याच्या हाती ती त्याच्या ताब्यात माल, असा तिचा मान आहे. तिच्यासाठी आपल्याकडे १८५६ साली कायदा झाला, आणि तो इतका टिकला की त्याच्या जागी नवा कायदा यावयास २०२५ साल उजाडले.

एफ. ओ. बी. चा अर्थ असा की, माल ठरलेल्या बंदरात जहाजावर चढवून दिला की विकणारा मोकळा. पुढचे भाडे, विमा आणि जोखीम घेणाऱ्याची. इंग्लंडच्या न्यायालयांत हे शब्द एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच दिसू लागतात. सी. आय. एफ. त्यानंतरचे. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, १८७० मध्ये मुंबईची समुद्राखालची तार जोडली गेली आणि वाफेच्या बोटी वेळापत्रकाने धावू लागल्या. मग किंमत, विमा आणि भाडे मिळून एकच भाव तारेने कळविणे सोयीचे झाले. भाड्याला आपले गुजराती व्यापारी 'नूर' म्हणत. येथे एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सी. आय. एफ. मध्ये भाडे विकणारा मुक्कामापर्यंतचे भरतो, पण जोखीम मात्र माल चढविण्याच्या बंदरातच घेणाऱ्याकडे जाते. भाडे एकाचे, भीती दुसऱ्याची. चांगले शिकलेले कारकूनही इथे फसतात.

पण 'चढवून दिला' म्हणजे नेमका कधी? धक्क्यावरून क्रेनने उचलला तेव्हा, की जहाजाच्या तळाशी ठेवला तेव्हा? जुन्या वहिवाटीने उत्तर दिले : जहाजाचा कठडा ओलांडला तेव्हा. कठड्याच्या अलीकडे विकणाऱ्याचे नुकसान, पलीकडे घेणाऱ्याचे. या कठड्यावरून झालेल्या एका खटल्याचा आपल्या देशाशी संबंध आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये उभी केलेली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आपण सर्व जाणतो. लंडनच्या गोदीत तिच्या जहाजावर आग विझविण्याचा एक बंब चढत होता. बंब हिंदुस्थान सरकारने एफ. ओ. बी. अटीवर घेतलेला. तो हवेत असताना, कठडा ओलांडण्यापूर्वी, खाली पडला. दुरुस्तीला ९६६ पौंड लागले. १९५४ मध्ये न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी निकाल दिला, की बिल ऑफ लेडिंगच्या नियमांप्रमाणे जहाज कंपनी २०० पौंडांपलीकडे देणे लागत नाही. बाकीचे बंब विकणाऱ्याच्या माथी. क्रेनच्या टोकाला माल झुलतो आहे आणि त्याच्याबरोबर जबाबदारीही कठड्यावरच्या एका अदृश्य भिंतीच्या इकडून तिकडे झुलते आहे, या कल्पनेची न्यायमूर्तींनी निकालपत्रात चांगलीच थट्टा केली.

तो निकाल मी सोप्या भाषेत लावून घेऊन पुनःपुन्हा वाचला आहे. माझ्या मनात दर वेळी एकच येते : त्या बंबाखाली एखादा गोदी कामगार उभा असता तर? तो कठड्याच्या कोणत्या बाजूचा?

हा प्रश्न काल्पनिक नाही. मुंबईच्या गोदीत कठड्याने कामगारही वाटून टाकले होते. जहाजावर काम करणारे स्टीव्हडोरचे, धक्क्यावरचे पोर्ट ट्रस्टचे किंवा टोळीवाल्याचे. पोते तेच, एकाच्या हुकातून दुसऱ्याच्या पाठीवर जाणारे. पण मालक दोन, मजुरीचे दर दोन. टोळीवाला माणसे पुरवी आणि मजुरीतून आपला हिस्सा कापी. रोज सकाळी गोदीच्या दरवाजाशी गर्दी उभी राही, आणि मुकादम बोट दाखवील त्याला त्या दिवशी भाकर. तीनही अक्षरांच्या कोणत्याही शब्दात या माणसाला जागा नव्हती. जागा करून दिली ती १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने, आणि त्यामागे पी. डिमेलो यांच्यासारख्यांची संघटना होती. ज्यांच्या नावाचा रस्ता आज गोदीच्या कडेने जातो तेच हे डिमेलो. नोंदणी झाली, पाळी आली, काम नसलेल्या दिवसाचीही काही हमी आली.

गोदीबाहेरच्या बाजारातील माथाड्याला आणखी एकवीस वर्षे थांबावे लागले. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. घणसोली-कोपरखैरणेच्या वसाहतींत राहणाऱ्या अनेक कुटुंबांची चूल त्या कायद्यावर पेटली आहे. हमाली, तोलाई, वाराई, टोळी, लेव्ही हे शब्द पॅरिस-लंडनच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाहीत. पण त्यांनीही तोच जुना प्रश्न सोडविला. मालकाने मजुरी आणि तिच्यावर लेव्ही मंडळाकडे भरावयाची, मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस पाहावयाचा. 'हा माणूस माझा नाही' असे म्हणण्याची सोय त्या एका लेव्हीने काढून घेतली.

व्यापाऱ्यांनी आपले शब्द १९३६ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळामार्फत एकत्र बांधले. त्यांना 'इन्कोटर्म्स' म्हणतात. आजची आवृत्ती २०२० ची. त्यात 'एक्स वर्क्स' म्हणून एक अट आहे : विकणाऱ्याने माल आपल्या कारखान्यात तयार ठेवावयाचा, गाडीत भरण्याची जबाबदारीसुद्धा त्याची नाही. त्याऐवजी 'एफ. सी. ए.' लिहिले आणि माल कारखान्यातूनच उचलावयाचा असला, तर भरणे विकणाऱ्याकडे येते. फरक दोन ओळींचा. काही वर्षांपूर्वी आपल्याच औद्योगिक पट्ट्यात ट्रकमध्ये पिंपे चढविताना एका कामगाराचा पाय चिरडला. कारखाना म्हणाला, आम्ही एक्स वर्क्स विकले. घेणारा परदेशात. त्याचा एजंट म्हणाला, गाडीवाल्याला विचारा. गाडीवाला म्हणाला, मजूर कंत्राटदाराचे. आम्ही म्हटले, तुमची अक्षरे तुमच्या दोघांमधली. त्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात मूळ मालकाला कंत्राटदाराच्या आड लपता येत नाही, असे कलम आहे. चौदा महिन्यांनी तडजोड झाली. पाय काही परत आला नाही.

शेवटी या लोखंडी पेटीकडे येतो. १९५६ च्या एप्रिलमध्ये माल्कम मॅकलीन या अमेरिकन ट्रकवाल्याने ५८ पेट्या एका जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या. तिथून 'कंटेनर'चे युग धरतात. हुक, स्लिंग, पाठ आणि पोते यांचे काम पेटीने आपल्याकडे घेतले. आपल्याकडे २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले. त्याच्या आणि नव्या मुंबईच्या जमिनीसाठी १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे रस्त्यावर उतरली होती, गोळीबारात पाच शेतकरी पडले, हे या सभागृहात सांगावयास नको. त्या बंदरातून २०२४-२५ या वर्षात सुमारे ७३ लाख पेट्यांची ये-जा झाली. हा हिशेब वीस फुटी पेटी एक धरून करतात आणि चाळीस फुटी दोन मोजतात, 'टी. ई. यू.' म्हणतात तो हाच. एकाच मालकाची भरलेली पेटी ती एफ. सी. एल.; अनेकांचा माल एकत्र भरलेली ती एल. सी. एल. ही दुसरी पेटी कंटेनर फ्रेट स्टेशनात माणसेच भरतात आणि माणसेच उघडतात.

पेटी आल्यावर कठड्याचा अर्थच उरला नाही. २०१० च्या आवृत्तीत तो जुना कठडा एफ. ओ. बी.च्या व्याख्येतून काढून टाकला. आता माल जहाजावर ठेवला गेला, की जोखीम पलटते. आणि बिल ऑफ लेडिंगवर एक नवी ओळ आली. कप्तानाने पूर्वी पोती मोजून सही करावी. आता पेटी सीलबंद, आत काय हे त्याने पाहिलेलेच नसते. म्हणून तो लिहितो : आत अमुक माल 'असल्याचे सांगितले जाते'. कप्तान मोकळा, जहाज कंपनी मोकळी. ते सील यार्डात प्रथम तोडतो तो आमचा कामगार, आणि पिंपातून वास आला तर तो प्रथम त्याच्या नाकात जातो. सील तोडण्यापूर्वी मालाची यादी आणि धोक्याची सूचना टोळीच्या मुकादमाला मराठीत वाचून दाखवावी, अशी मागणी आम्ही एका गोदामाच्या व्यवस्थापनाकडे लेखी दिली आहे. तीन स्मरणपत्रे गेली. उत्तर अजून आलेले नाही.