वार कोणाची?

गुहागरला बाळंतपणे घरोघरी होत असत, त्या काळच्या गोष्टी आजी सांगत असे. मूल रडले, घरात साखर वाटण्याची धांदल उडाली, तरी सुईण जागची हलायची नाही. वार पडेपर्यंत तिचा जीव टांगलेला. पडली की ती दिव्याच्या उजेडात पसरून निरखून पाहायची. एखादा तुकडा आत राहिला तर बाळंतीण हातची जाईल, हे तिला कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक होते. मग वार परसात खोल पुरली जाई.

ही वार कोणाची, असे कोणी विचारले असते तर सुईणीपासून घरच्या कर्त्या पुरुषापर्यंत सर्वांनी एकच उत्तर दिले असते: आईची. म्हणूनच जिच्या पोटी गर्भ टिकत नसे, तिच्याच माथी सारा दोष येई. माझ्या एका काकूचे तीन गर्भ गेले. मी तेव्हा पाचवीत होतो. काकूला कायमची माहेरी धाडण्याची भाषा घरात सुरू झाली होती. आजीने ती मोडून काढली म्हणून बरे.

वाचकहो, वार आईची नसते, मुलाची असते. बीज फळल्यावर सहा-सात दिवसांनी पेशींचा एक इवलासा गोळा गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो. त्याच्या बाहेरच्या बाजूच्या पेशी ते अस्तर पोखरीत आत शिरतात आणि त्यांचीच पुढे वार बनते. तिच्यात निम्मा वारसा बापाचा असतो.

आता पाहा. आम्हां कोकणच्या माणसांना कलमाचे नवल नाही. कोयीचे रोप उगवले की त्यावर हापूसची काडी बांधावी. खुंट तिला आपली म्हणतो. माणसाचे शरीर मात्र असे उदार नाही. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या लोकांवर परक्याची कातडी लावली, तर ती थोड्याच दिवसांत गळून पडे. इंग्लंडचे पीटर मेडावार यांनी त्याचे कारण शोधले: शरीराची प्रतिकारशक्ती परके ओळखते आणि हाकलून देते. त्याच मेडावारांनी १९५३ साली प्रश्न केला की, मग अर्धे परके असलेले मूल आई नऊ महिने कसे सांभाळते?

पुष्कळ दिवस समजूत अशी होती की, आईची प्रतिकारशक्ती त्या काळात झोपी जाते. पण गर्भाशयाच्या अस्तरात पाहावे तो पहारेकऱ्यांची गर्दी! गरोदरपणाच्या आरंभी तिथल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के पेशी ज्या जातीच्या असतात, तिला शास्त्रज्ञांनी नावच ‘नैसर्गिक मारेकरी’ असे दिले आहे. (नाव ठेवणाऱ्यांनी घाई केली, असे मला वाटते.) हे मारेकरी इथे मारीत नाहीत, बाळाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या रुंद करायला हातभार लावतात.

या पेशी एकमेकींशी बोलतात त्या सायटोकाइन नावाच्या रेणूंच्या द्वारा. त्यांतल्या ‘लिफ’ नावाच्या एकाची कथा सांगण्यासारखी आहे. १९९२ साली कॉलिन स्टुअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणू नसलेल्या उंदरांच्या माद्या पाहिल्या. गर्भ तयार होत, पण रुजत नसत. तेच गर्भ दुसऱ्या मादीच्या पोटात ठेवले की रुजत, वाढत. गर्भात खोट नव्हती. एक निरोप तेवढा पोहोचत नव्हता.

आपल्या मुंबईत, परळला, ६ ऑगस्ट १९८६ रोजी के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नाने काचपात्रात बीज फळवलेली मुलगी जन्मली, हे पुष्कळांना आठवत असेल. बीज काचेत फळले खरे, पण रुजले ते आईच्या पोटीच. रुजण्याचे कोडे परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेने पुढे हाती घेतले. डॉ. दीपक मोदी यांच्या गटाचा २०१७ सालचा निबंध आहे. त्यावर पहिले नाव गोडबोले, हे पाहून गुहागरकराला उगीचच बरे वाटते. दिल्लीच्या संशोधकांचीही साथ होती. त्यांना असे दिसले की, अस्तर सजवणारे एक जनुक, होक्सए-१०, गर्भ रुजल्यावर मंदावते. ते मंदावले की लिफ आणि इंटरल्यूकिन-६ हे रेणू वाढतात, आणि वारेच्या पेशी अधिक खोल शिरतात. आईच वाट मोकळी करते, मात्र बेताने.

हा बेत बिघडला की काय होते? शिरकाव उथळ राहिला तर आईचा रक्तदाब चढतो, बाळ खुरटते. फार खोल गेला तर वार सुटत नाही, आणि रक्तस्रावाने जीव जाऊ शकतो. आजीची सुईण दिव्याशी बसून शोधीत असे ते यातलेच काही.

गेल्या महिन्यात हे टिपण काकूला वाचून दाखवले. चौथ्या खेपेस तिची कूस उजवली; तो मुलगा आता चिपळूणला नोकरीला आहे. तिने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे निम्मी वार ह्यांची होती म्हणायची!”

काका ओटीवर सुपारी कातरीत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.