प्रोग्राम कोणी लिहायचा?

संगणकाकडून काम करून घ्यायचे तर त्याची भाषा शिकायला हवी, असे आपण धरून चालतो. पण यंत्रानेच माणसाच्या भाषेकडे का येऊ नये? हा प्रश्न बराच जुना आहे.

अमेरिकी गणितज्ञ ग्रेस हॉपर यांनी तो १९५० च्या दशकात मांडला. हिशेबाचे काम करणाऱ्यांना गणिती चिन्हांपेक्षा शब्द सोयीचे. तेव्हा आज्ञा इंग्रजी शब्दांत असाव्यात, असे त्यांचे म्हणणे. संगणकाला इंग्रजी कळत नाही, असे त्यांना ऐकवण्यात आले. तरी त्यांच्या गटाने ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा घडवली. १९५९ मध्ये आखणी सुरू झालेल्या ‘कोबोल’वर तिची छाप पडली. मात्र कोबोल लिहायला प्रशिक्षित माणूसच लागे.

अमेरिकेतल्याच डार्टमथ कॉलेजातले बहुतेक विद्यार्थी विज्ञानाचे नव्हते. त्यांनाही संगणक हाताळता यावा म्हणून जॉन केमेनी आणि टॉमस कर्ट्झ या प्राध्यापकांनी ‘बेसिक’ रचली. तिचा पहिला प्रोग्राम १ मे १९६४ रोजी पहाटे चालला. तिथे एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येई, त्यामुळे आपली चूक लगेच कळे. १९७९ मध्ये आलेल्या ‘व्हिसिकॅल्क’मध्ये तर चौकटींत आकडे आणि सूत्रे भरली की काम होई.

आता साध्या मराठीत सांगितले तरी कृत्रिम बुद्धिमत्तेचा साहाय्यक प्रोग्राम लिहून देतो. तो प्रोग्राम न वाचताच पुढे जाण्याच्या पद्धतीला आंद्रे कार्पथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘वाइब कोडिंग’ असे नाव दिले.

मग आपले काम संपले का? समजा, वर्गाच्या गुणांची सरासरी काढणारा प्रोग्राम आपण मागितला. तीन मुलांचे गुण ६०, ७०, ८०, चौथा गैरहजर. त्याचे काय करायचे हे सांगायचे राहिले आणि प्रोग्रामने शून्य धरले, तर सरासरी ७० ऐवजी ५२.५ येईल. तक्ता मात्र नीटनेटकाच दिसेल!

हॉपर यांच्यापासून आजवर लिहिण्याचे कष्ट घटत गेले. नेमके काय हवे ते सांगणे आणि आलेले उत्तर तपासणे, ही कामे माणसाकडेच राहिली. म्हणून आम्ही सुचवू, की असा प्रोग्राम वापरण्यापूर्वी चार-पाच मुलांचा निकाल कागदावर काढून ताडून पाहावा. त्यात एक गैरहजर मूल जरूर घ्यावे. हे काम वर्गातल्या मुलांनाच दिले तर? प्रोग्राम कुठे फसेल, हे शोधायला त्यांना नक्की आवडेल.