आयपीस घेताना कोनही बघा

"दुर्बीण किती पट मोठं दाखवते?" हे सगळेच विचारतात. "एका वेळी किती आकाश दाखवते?" हे मात्र फार कमी जण विचारतात. गॅलिलिओच्या 20 पटीच्या दुर्बिणीतून अख्खा चंद्रसुद्धा एकदम दिसत नसे, कारण डोळ्याकडचं भिंग अंतर्वक्र होतं. 1611 मध्ये केप्लरने तिथे बहिर्वक्र भिंग सुचवलं आणि खिडकी रुंदावली. 1860 मध्ये व्हिएन्नाच्या प्लोस्लने दोन जोडभिंगं समोरासमोर बसवली. त्या रचनेत आज साधारण 50 अंशांचं दृश्य मिळतं. पुढे अपोलोच्या सिम्युलेटरसाठी काम केलेल्या अल नागलर यांनी 1980च्या सुमारास 82 अंशांचं आयपीस आणलं.

फरक किती? समजा, तुमच्या दुर्बिणीचं नाभीय अंतर 1200 मिमी आहे. 25 मिमी प्लोस्ल लावलं तर 48 पट आणि सुमारे 1 अंश आकाश. 13 मिमी नागलर लावलं तर 92 पट, तरी सुमारे 0.9 अंश! म्हणजे पट जवळपास दुप्पट, आकाश जवळपास तेवढंच.

म्हणून मोटरवरच्या दुर्बिणीतून फक्त ग्रह बघणार असाल, तर चांगलं साधं आयपीस पुरतं. तारकागुच्छ बघायचे असतील किंवा दुर्बीण हातानेच सरकवायची असेल, तर जास्तीचे पैसे कोनासाठी मोजा.