आयर्लंडचीं आठ नाणीं

एखादें राष्ट्र स्वतंत्र झालें म्हणजे त्याला पहिल्या कांहीं वर्षांत अनेक लहानमोठ्या गोष्टी नव्यानें ठरवाव्या लागतात. ध्वज कोणता असावा, टपालाच्या तिकिटावर चित्र कशाचें असावें, न्यायाधीशानें कोणता झगा घालावा, हे प्रश्न राज्यघटनेच्या कलमांपुढें क्षुल्लक वाटतात. परंतु राज्यघटना वाचणारे लोक किती निघतील? नाणें हें मात्र असें सरकारी लिखाण आहे कीं, जें निरक्षर माणसाच्या हातांतूनहि दिवसांतून दहा वेळां जातें. तेव्हां त्यावर कोणतें चित्र असावें, याचा विचार जाणत्या राष्ट्रानें गंभीरपणेंच केला पाहिजे. आयर्लंडनें तो १९२६ ते १९२८ या अवधींत कसा केला, आणि त्या विचारांतून निघालेला नाण्यांचा एक संच संग्राहकांना आजहि इतका प्रिय कां आहे, हें आज सांगावयाचें आहे.

महाराष्ट्राला आयर्लंडचें नांव परकें नाहीं. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं बेळगांव येथें होमरूल लीगची स्थापना केली, तेव्हां 'होमरूल' हा शब्द आयरिश चळवळींतूनच आपल्याकडे आलेला होता. त्या देशांतील लढा पुढें सशस्त्र झाला, आणि १९२२ च्या डिसेंबरांत 'आयरिश फ्री स्टेट' हें राज्य अस्तित्वांत आलें. राज्य नवें झालें. पण लोकांच्या खिशांतलीं नाणीं जुनींच राहिलीं. पावाची किंमत मोजतांना आयरिश गृहिणीच्या बोटांखालीं इंग्लंडच्या राजाचें मस्तकच येत असे. खास आयर्लंडसाठीं पाडलेलीं नाणीं त्यापूर्वीं शंभर वर्षें कोणीं पाहिलीं नव्हतीं. चौथ्या जॉर्जच्या कारकीर्दींत १८२२ व १८२३ सालीं तांब्याचीं नाणीं निघालीं, तीं शेवटचीं. १८२६ मध्यें आयरिश चलन ब्रिटिश चलनांत विलीन झालें.

पुढें बरोबर शंभर वर्षांनीं, १९२६ सालीं, नव्या राज्यानें नाण्यांचा कायदा केला. अर्थमंत्री अर्नेस्ट ब्लाइद यांनीं नाण्यांचीं मूल्यें पूर्वींचींच ठेविलीं. परंतु त्यांवरील चित्रांचा प्रश्न त्यांनीं आपल्या कचेरींत न सोडवितां एका समितीकडे सोंपविला. समितीचे अध्यक्ष होते कवि विल्यम बटलर येट्स. रवींद्रनाथांच्या इंग्रजी 'गीतांजली'ला १९१२ सालीं प्रस्तावना लिहिणारे आणि १९२३ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे हेच ते येट्स. त्या वेळीं ते आयरिश सिनेटचे सभासद होते. समितींत त्यांच्याबरोबर चित्रकार डर्मॉड ओब्रायन, कलाभिज्ञ टॉमस बॉडकिन इत्यादि मंडळी होती. नाण्याचें काम कवीकडे व चित्रकाराकडे देणारें सरकार विरळाच.

समितीपुढें तीन गोष्टी आधींच निश्चित झाल्या होत्या. एका बाजूला हार्प हें तंतुवाद्य असावें, अक्षरें आयरिश भाषेंत असावीं, आणि आधुनिक काळांतील कोणाहि व्यक्तीची प्रतिमा नाण्यावर नसावी. यांतली तिसरी अट विशेष शहाणपणाची म्हटली पाहिजे. १९२२-२३ च्या यादवी युद्धांत कालचे सोबती एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले होते. एकाचा वीर तो दुसऱ्याचा वैरी, अशा स्थितींत कोणाचेंहि मुख नाण्यावर घातलें असतें, तरी अर्ध्या देशाला तें नाणें हातांत धरवलें नसतें.

हार्पची कथा मोठी बोधक आहे. हें वाद्य आयर्लंडच्या नाण्यांवर प्रथम आणलें तें आठव्या हेन्रीनें, म्हणजे इंग्रज राजानेंच. आणि त्यावर मुकुटहि बसविला. चारशें वर्षें वाद्य आयर्लंडचें आणि मुकुट इंग्लंडचा, असा हा प्रकार चालला होता. नव्या नाण्यांसाठीं डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत जतन केलेलें मध्ययुगीन हार्प आदर्श म्हणून घेण्यांत आलें. तें ब्रायन बोरू या प्राचीन राजाचें, अशी लोककथा आहे. वाद्य तेंच राहिलें. वरचा मुकुट तेवढा गेला.

दुसऱ्या बाजूला काय घालावें, हें समितीनें ठरवावयाचें होतें. हिरवें त्रिदल पान, गोल मनोरा, शिकारी कुत्रा आणि उगवता सूर्य हीं आयर्लंडचीं ठराविक चिन्हें चित्रांत आणि दुकानांच्या पाट्यांवर इतकीं वापरलीं गेलीं होतीं कीं, त्यांचा अर्थच झिजून गेला होता. येट्स व त्यांचे सहकारी यांनीं निराळा मार्ग धरिला. हा देश शेतकऱ्यांचा, गुराढोरांचा आणि नद्यांचा. तेव्हां नाण्यांवर त्याचे पशुपक्षीच असावे, असें त्यांनीं ठरविलें. ग्रीकांच्या प्राचीन नाण्यांचा आदर्श त्यांच्या डोळ्यांपुढें होता. सिसिलींतील मेसाना नगराच्या नाण्यावरचा ससा, दक्षिण इटलींतील थुरी नगराच्या नाण्यावरचा वळू, अशा नाण्यांचीं छायाचित्रें त्यांनीं शिल्पकारांकडे नमुन्यादाखल पाठविलीं.

निमंत्रण केवळ आयरिश शिल्पकारांनाच दिलें, असें नाहीं. आयरिश परंपरेंतले ऑलिव्हर शेपर्ड, अल्बर्ट पॉवर व जेरोम कॉनर यांच्या जोडीला स्वीडनचे कार्ल मिलेस, इटलीचे पुब्लियो मोर्बिदुची, अमेरिकेचे पॉल मॅनशिप आणि इंग्लंडचे पर्सी मेटकाफ यांचे नमुने आले. युगोस्लाव शिल्पकार इव्हान मेस्त्रोविच यांचें निमंत्रण चुकीच्या पत्त्यावर गेल्यामुळें त्यांचा एकच नमुना आला, तोहि मुदत संपल्यावर. त्यांनीं काढलेलें तें हार्प पुढें १९६५ सालीं आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेची मुद्रा म्हणून वापरण्यांत आलें. निवड करतांना शिल्पकारांचीं नांवें झांकून ठेवण्यांत आलीं होतीं. पडदा उघडल्यावर आढळलें कीं, सर्व आठहि नाणीं एकट्या मेटकाफ यांच्या वांट्याला आलीं आहेत. आणि मेटकाफ तर इंग्रज!

आतां हीं आठ नाणीं पाहूं. सर्वांत लहान फार्दिंग, त्यावर झुडुपांवरून उडणारा वुडकॉक हा रानपक्षी. अर्ध्या पेनीवर डुकरीण आणि तिचीं पिलें, पेनीवर कोंबडी आणि तिचीं पिलें. हीं तीन कांशाचीं. तीन पेनीवर कान उभारून बसलेला ससा आणि सहा पेनीवर लांडग्यांच्या शिकारीसाठीं प्रसिद्ध असलेला उंच आयरिश कुत्रा. हीं दोन निकेलचीं. शिलिंगावर वळू, फ्लोरिनवर सॅल्मन मासा आणि सर्वांत मोठ्या अर्ध्या क्राऊनवर घोडा. हीं तीन रुप्याचीं. त्या वेळीं इंग्लंडच्या नाण्यांत रुपें निम्मेंच उरलें होतें. आयर्लंडनें आपल्या नाण्यांत तें शेंकडा ७५ ठेविलें. फार्दिंगपासून अर्ध्या क्राऊनपर्यंत ओळीनें पाहत गेलें कीं, गरिबाच्या अंगणापासून शर्यतीच्या मैदानापर्यंत सारा देश डोळ्यांखालून जातो. सॅल्मन हा केवळ नदींतला मासा नव्हे. आयरिश पुराणकथांत तो ज्ञानाचा मासा आहे आणि त्याच्या स्पर्शानें फिन या वीराला ज्ञान प्राप्त झालें. अशा कथेचें एक अक्षरहि नाण्यावर नाहीं. पण ज्याला कथा ठाऊक आहे त्याला तीं अक्षरें लागत नाहींत.

कवींनीं निवडलेलीं जनावरें शेतकी खात्याच्या तज्ज्ञांपुढें गेलीं, तेव्हां एक मौजेचा प्रसंग उद्भवला. आयर्लंडची मोठी निर्गत गुरांची व डुकरांची. नाण्यावरची डुकरीण बाजारांत नापसंत ठरेल अशा अंगलटीची असेल, तर परदेशीं आपल्या मालाची अब्रू जाईल, असें तज्ज्ञांचें म्हणणें पडलें. वळूविषयीं आणि घोड्याच्या मागच्या पायांविषयींहि त्यांच्या तक्रारी होत्या. मेटकाफ यांना आपल्या आकृति बदलाव्या लागल्या. पहिल्या डुकरिणीच्या मुद्रेंत जो ताठा होता, तो या सुधारणेंत नाहींसा झाल्याची येट्स यांना खंत वाटली. तरीहि तज्ज्ञांना अगदींच हंसून चालणार नाहीं. ज्या देशाचें पोट गोठ्यावर अवलंबून आहे, त्यानें नाण्यावरच्या जनावराकडेहि व्यापाऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें, तर त्यांत नवल तें काय!

१२ डिसेंबर १९२८ रोजीं नाणीं लोकांच्या हातीं पडलीं, आणि वादाला तोंड फुटलें. संतांच्या देशांत नाण्यावर संत पॅट्रिक नाहीं, क्रॉस नाहीं. त्याऐवजीं डुकरें आणि कोंबड्या, हा उघड अधर्म आहे, असें कांहींचें म्हणणें. नाणीं काढलीं इंग्रजानें आणि पाडलीं लंडनच्या टांकसाळींत. मग स्वातंत्र्य तें कसलें, असा दुसऱ्यांचा सवाल. या दुसऱ्या आक्षेपांत दुःख खरें होतें. परंतु नांवें झांकून निवड करावयाची आणि निवड झाल्यावर नांव आवडलें नाहीं म्हणून ती मोडावयाची, हें न्यायाचें झालें नसतें. पुढें याच मेटकाफ यांनीं साम्राज्याच्या अनेक वसाहतींच्या नाण्यांवरचें सहाव्या जॉर्जचें मुकुटधारी मस्तक घडविलें. राजाला निरोप देणारीं नाणीं आणि राजाला मिरविणारीं नाणीं एकाच हातून उतरलीं, ही इतिहासाची थट्टाच म्हणावयाची.

येथें संग्राहकांचा विषय येतो. या पहिल्या आठ नाण्यांचे सुमारें सहा हजार खास संच, पेट्यांत बसवून, प्रसंगाची आठवण म्हणून काढण्यांत आले. अशा नाण्यांना 'प्रूफ' म्हणतात. रोजचें नाणें यंत्रांतून भराभर एका ठोक्यांत पडतें, आणि तयार झाल्यावर शेंकडों नाण्यांबरोबर पोत्यांत आदळतें. प्रूफ नाण्यासाठीं ठसा आणि धातूची चकती, दोन्ही अगोदर घासून चकचकीत करतात. चकती एकेक करून यंत्रांत ठेवतात. दाब अधिक देतात, आणि पुष्कळदां एकाहून अधिक वेळां देतात. त्यामुळें नाण्याची पार्श्वभूमि आरशासारखी होते आणि चित्राची बारीकांतली बारीक रेषा उठून दिसते. सशाच्या अंगावरचे केंस, सॅल्मनचे खवले, हार्पच्या तारा शिल्पकाराच्या मनांत जशा होत्या, तशा पाहावयाच्या असतील तर त्या येथेंच. म्हणून जाणता संग्राहक असें नाणें कडेनेंच धरतो, आणि काळवंडलें तरी तें घासून उजळण्याचा मोह टाळतो. कारण घासण्यानें डाग जातो, त्याबरोबर मूळ तेजहि जातें.

पण केवळ पेटींतल्या संचावरून या नाण्यांचें मोल कळणार नाहीं. तें कळावयास १९६६ सालचें दुसरें एक नाणें पाहिलें पाहिजे. १९१६ च्या ईस्टरच्या उठावाला पन्नास वर्षें झालीं, म्हणून आयर्लंडनें दहा शिलिंगांचें रुप्याचें स्मारकनाणें काढलें. त्यावर उठावाचे नेते पॅट्रिक पिअर्स यांचें मस्तक, आणि मागें पुराणांतील वीर कूहुलिन याच्या मृत्यूचें शिल्प होतें. तें शिल्प, ज्या डब्लिनच्या टपाल कचेरींत पिअर्स यांनीं ठाणें मांडलें होतें, तेथें उभें आहे. आणि त्याचे कर्ते म्हणजे पूर्वींच्या स्पर्धेंत मागें पडलेले ऑलिव्हर शेपर्ड! हुतात्मा, वीर, आयरिश शिल्पकार. १९२८ च्या टीकाकारांना जें जें हवें होतें, तें तें या नाण्यांत होतें. वीस लाख नाणीं पाडलीं गेलीं. परंतु व्यवहारांत तें रुजलें नाहीं, आणि त्यांपैकीं सुमारें पावणेतेरा लाख नाणीं सरकारला परत घेऊन वितळवावीं लागलीं.

ज्यांना 'जनावरांचीं नाणीं' म्हणून नाक मुरडलें गेलें, त्यांचें भाग्य पाहा. १९७१ सालीं दशमान चलन आलें, तेव्हां सॅल्मन, वळू आणि वुडकॉक नव्या नाण्यांवरहि राहिले. घोडा १९८६ सालीं वीस पेन्सवर परत आला. १ जानेवारी २००२ रोजीं युरोचीं नाणीं आलीं आणि हे पशुपक्षी व्यवहारांतून गेले; हार्प मात्र आयर्लंडच्या युरोवर कायम आहे. पिअर्स यांच्याविषयीं लोकांना आदर कमी होता, असा याचा अर्थ नाहीं. आदर ही सणाची वस्तु आहे, आणि नाणें ही रोजची. मुलानें पेनी देऊन गोळी घेतली, तेव्हां त्याला आपल्या परसांतली कोंबडी नाण्यावर दिसली. तिच्याशीं त्याची ओळख पूर्वींचीच होती.

आपल्या देशानेंहि हा प्रश्न सोडविलेला आहे. १९५० सालीं राजाचें मस्तक गेलें आणि त्या जागीं सारनाथचे सिंह आले. पैशावर घोडा, अर्ध्या, एक व दोन आण्यांवर वशिंडाचा बैल, आणि पावली, अधेली व रुपया यांवर गव्हाच्या लोंब्या आल्या. या नाण्यांचेहि प्रूफ संच मुंबईच्या टांकसाळींत निघाले. व्यक्तींचीं स्मारकनाणीं मागाहून आलीं. त्यांत १९६४ चें नेहरूंचें पहिलें, आणि १९६९ चें गांधी-शताब्दीचें दहा रुपयांचें रुप्याचें विशेष प्रसिद्ध. एखाद्या घरीं पेटींत स्मारकाचा संच असेल आणि डब्यांत आजीनें टाकलेला घोड्याचा पैसाहि असेल. दोन्ही शेजारीं ठेवून पाहावीं. पहिल्यांत शिल्पकाराची रेषा अखंड राहिलेली दिसेल. दुसऱ्यांत ती हजारों हातांनीं झिजविलेली दिसेल. आपण काय लक्षांत ठेवावें अशी राष्ट्राची इच्छा होती, तें पहिलें सांगतें; आपण खरोखर काय जवळ बाळगलें, तें दुसरें सांगतें. इतिहासाच्या अभ्यासकाला दोन्ही साक्षी लागतात, आणि संग्राहकाच्या पेटींतहि झिजलेल्या नाण्यासाठीं एक घर रिकामें असावें.